पायाचा वार

गडहिंग्लजच्या दसरा चौकात उभं राहून मान वर केली की एक गोष्ट ध्यानात येते. इथल्या एकाही पुढाऱ्याला पाय नाहीत. वाढदिवसाचा फ्लेक्स असू दे, निवडीबद्दल अभिनंदनाचा असू दे नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजलीचा, माणूस कमरेपर्यंत येतो आणि तिथून खाली शुभेच्छुक सुरू होतात. शुभेच्छुकांची तर आणखीच आबाळ. त्यांना धडसुद्धा मिळत नाही, नुसती मुंडकी ओळीनं मांडलेली असतात. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर गॉगलला जागा आहे, कानाला लावलेल्या मोबाईलला जागा आहे, मागं झेपावणाऱ्या वाघाला आहे. पिंढरीला मात्र जागा मिळालेली मी आजवर पाहिली नाही.

आता ज्या अवयवाचा फोटोच लागायचा नाही, त्यासाठी घाम कोण गाळणार? आमच्या जिमचं सगळं राजकारण या एका प्रश्नाभोवती फिरतं. मी त्या जिमचा सभासद नाही. जिमच्या समोर चहाचा गाडा आहे, त्याचा मी सभासद आहे. तिथली वर्गणी कमी, वेळेची अट नाही आणि समोरच्या मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसतं. त्या जोरावर सांगतो, छातीच्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नसते आणि पायाच्या दिवशी आत पाय ठेवायला माणूस नसतो. दंडाच्या दिवशी तर गाड्या पार रस्त्यापर्यंत लागतात. पोरं आरशासमोर बाही वर सारून दंडाकडं अशी बघतात, की लग्न ठरलेल्या मुलीच्या बापानं जावयाकडं एवढ्या कौतुकानं बघितलं नसेल. याच पोरांना हाफ पँट घाला म्हटलं की थंडी वाजते. भर मे महिन्यात.

"वरनं भीम, खालनं बगळा," असा जिममधल्या ट्रेनर पोराचा सरसकट अभिप्राय आहे. पोरगं हुशार आहे, आणि पायांविषयी त्याला कळवळा आहे. त्याचं म्हणणं, शरीरातलं सगळ्यात लांब हाड मांडीचं आणि सगळ्यात मोठा स्नायू ज्याच्यावर आपण बसतो तो. म्हणजे निसर्गानं माल सगळा खालीच भरलाय. पण एवढे मोठे स्नायू एकदम कामाला लागले की त्यांना रक्त पुरवताना काळजाची जी त्रेधा उडते, तिथं लोकांची हौस फिटते. दंड दुखला तर फक्त दंड दुखतो. मांडी कामाला लागली की अख्खा माणूस कामाला लागतो, धाप लागते, डोळ्यांपुढं काजवे चमकतात आणि अत्यंत महत्त्वाचा फोन आठवतो. पायाच्या दिवशी जेवढे फोन जिमच्या दारात येऊन बोलले जातात, तेवढे बाजार समितीच्या निवडणुकीतसुद्धा बोलले जात नसतील.

या सगळ्यातला आद्य खलनायक म्हणजे बल्गेरियन स्प्लिट स्क्वाट. नाव ऐकून वाटतं, परदेशी आहे तर काहीतरी नाजूक असेल. प्रत्यक्षात मागच्या पायाचा चवडा बाकड्यावर उलटा टेकवायचा, पुढच्या एका पायावर सगळा भार घ्यायचा, दोन्ही हातांत डंबेल धरायची आणि मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जायचं. मग वर यायचं. वर येणं हा भाग माहितीपत्रकात असतो, प्रत्यक्षात तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा प्रश्न आहे. बल्गेरिया हा वेटलिफ्टिंगमधला मातब्बर देश, आणि तिथल्या प्रशिक्षकांच्या नावावर हा प्रकार घातला जातो. त्या देशाची आणि आपली काय दुश्मनी होती कुणास ठाऊक.

एका पतसंस्थेच्या वसुली विभागातले साहेब या व्यायामाला उभे राहिले, तो दिवस मी गाड्यावरून अथपासून इतिपर्यंत पाहिला. वय पन्नाशीच्या घरात, पोट शंभर टक्के वसूल झालेलं.

"काका, खाली जावा की अजून."

"गेलोय न्हवं?"

"ते डोकं खाली गेलंय. मांडी जाऊ दे."

साहेब गेले. पुढचा गुडघा थरथरायला लागला. मागचा पाय बाकड्यावर होता, पण तो आपला आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. डावीकडचं डंबेल जमिनीला टेकलं तसं त्यांनी त्याच्यावरच भार टाकला आणि तसेच थांबले.

"वर या आता."

"येतो. घाई काय हाय?"

दुसऱ्या पायाची पाळी आली तेव्हा साहेबांनी अतिशय मुद्देसूद प्रश्न विचारला. एका पायानं ताकद मिळाली तर तीच दुसऱ्या पायाला वर्ग करता येत नाही का? खात्यावरनं खात्यावर?

पायांच्या व्यायामाची खरी मजा तिसऱ्या दिवशी असते. नवीन व्यायाम केला की स्नायूचं दुखणं लगेच येत नाही, ते एक ते तीन दिवसांत चढतं. स्नायू ताणला जात असताना त्याला भार पेलावा लागतो, म्हणजे आपण सावकाश खाली बसतो किंवा उतार उतरतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात आणि हे दुखणं त्यातून येतं. दुसऱ्यांदा तोच व्यायाम केला की दुखणं पुष्कळ कमी होतं. पण हे कळायला दुसऱ्यांदा जावं लागतं, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

तर या तिसऱ्या दिवशी साहेब वसुलीला एका थकबाकीदाराच्या दारात गेले. सोप्यात घोंगडं टाकलं होतं. बसा म्हटल्यावर साहेब अर्ध्यापर्यंत स्वतःच्या हिमतीवर आणि उरलेले आपोआप खाली गेले. बोलणं झालं. चहा झाला. पुढच्या महिन्यात भरतो, असं नेहमीचं ठरलं. एरवी साहेब इथं उठतात. आज उठेनात. थकबाकीदारानं सुपारी पुढं केली. सुपारी झाली. साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसून. घरातल्या बायका कुजबुजायला लागल्या. शेजारचे दोघं सहज आल्यासारखे येऊन डोकावून गेले. शेवटी यजमान आत गेला आणि ट्रंकेतून दोन हप्त्यांचे पैसे घेऊन बाहेर आला. "घ्या साहेब, पण चारचौघांत असं बसून राहू नका." साहेबांनी पैसे घेतले आणि म्हणाले, "आता हात द्या जरा." संस्थेत ही वसुलीची नवी पद्धत म्हणून नावाजली गेली. साहेब अजूनही खुलासा करत नाहीत, आणि मोठी वसुली असली की दोन दिवस आधी न चुकता पायाचा व्यायाम करतात.

जमिनीवरून उठण्याची ही बाब वाटते तेवढी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ब्राझीलमधल्या क्लॉडिओ गिल अराउजो नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची चक्क परीक्षा ठेवली. जमिनीवर बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला की एकेक गुण वजा, नुसता झोक गेला तरी अर्धा वजा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांना त्यांनी असं उठवलं-बसवलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापला. ज्यांना अगदी कमी गुण पडले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण चांगले गुण मिळवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ही परीक्षा आपल्याकडं प्रत्येक महाप्रसादाला होत असते, फक्त गुण कुणी मांडत नाही. पूर्वी पंगत उठली की एकदम उठायची. हल्ली पंगत टप्प्याटप्प्यानं उठते. आधी भात वाढणारी पोरं बाजूला होतात, मग एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर जातो, दुसरा खांबाकडं, मग "पांडुरंगा" ऐकू येतं आणि शेवटी माणूस दिसतो. गुडघ्याचं खरंखुरं दुखणं असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना खुर्ची दिलीच पाहिजे. पण मंडपात भिंतीकडेच्या खुर्च्यांवर तिशीतली माणसं ताट मांडीवर घेऊन बसतात, तेव्हा त्यांच्या गुडघ्यापेक्षा त्यांच्या पँटची शिलाई मला जास्त काळजीत दिसते.

याउलट मिरचीच्या हंगामात आमच्या बाजारात जाऊन बघा. गडहिंग्लजचा मिरची बाजार नावाजलेला, संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात, वाऱ्यानं ठसका सगळ्या पेठेत फिरतो. त्या ढिगाशेजारी बायका उकिडव्या बसून मिरची निवडतात. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे खाकेत, हात चालू, तोंड त्याहून चालू. मध्येच पाटी उचलायची म्हणून एखादी आजी त्या बैठकीतून सरळ उभी राहते. हात टेकत नाही, पांडुरंगाला बोलवत नाही. जिममध्ये याला डीप स्क्वाट होल्ड म्हणतात आणि घड्याळ लावून पोरं तो मिनिटभर करतात. मी एकदा आजीला विचारलं, पाय दुखत नाहीत का? ती म्हणाली, "दुकत्यात की. कुणाला सांगायचं?" आणि परत बसली. उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्यांना तर मी हा प्रश्न विचारलेला नाही. पाय लटपटला तर तिथं ट्रेनर नसतो, खाली मऊ मॅटही नसते. त्याबद्दल गंमत करायची माझी तरी तयारी नाही.

शाळेत आमचे पाय फुकटात तयार होत. आता जिममध्ये वॉल सिट नावाचा प्रकार पैसे भरून करतात. भिंतीला पाठ लावायची आणि खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं राहायचं. आमच्या वेळी याला खुर्ची करणं म्हणत आणि ती गृहपाठ न केल्याबद्दल मिळे. अंगठे धरून उभं राहणं, कान धरून उठाबशा, मैदानाला फेऱ्या हे सगळं वयोमानानुसार होतं. वर्गातली हुशार पोरं आज गुडघ्यावर हात ठेवून जिना चढतात आणि मागच्या बाकावरचे अजून टणटणीत आहेत, याचं कारण कुणी शोधायला हवं. हल्ली शाळेत शिक्षा करायला कायद्यानं बंदी आहे, ते योग्यच. त्यामुळं या क्षेत्रात जी पोकळी निर्माण झाली, ती खासगी जिमनं भरून काढली.

कोल्हापूर जिल्ह्यात बसून पायांविषयी लिहायचं आणि तालमीचं नाव घ्यायचं नाही, असं केलं तर लोक मला उठाबशा काढायला लावतील. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधून घेतलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटेच्या अंधारात जोर-बैठका घुमत राहिल्या. तिथं व्यायाम हा शब्द नाही, मेहनत म्हणतात. बैठक दिसायला साधी. हात मागून पुढं झुलवत खाली जायचं, टाचा उचलल्या जातात, चवड्यावर तोल येतो, की परत वर. पण ती मोजायची शेकड्यात. गामा पैलवान दिवसाला पाच हजार बैठका मारायचा असं सांगतात. आकड्याबद्दल मी जामीन राहणार नाही, गामाला उलटं विचारायची हिंमत त्याच्या हयातीत कुणी केली नाही, ती मी आत्ता का करू? मुद्दा असा की ताकद आणि दम ही दोन वेगळी खाती आहेत. भारी वजन घेऊन चार-पाच वेळा उठलात तर ताकद वाढते, बिनवजनाच्या बैठका दोनशेच्या पुढं गेल्या की दम वाढतो. पैलवानाला दोन्ही लागतात, कारण समोरचा पट काढायला घुसला की त्याला थोपवायचं असतं मांड्यांच्या जोरावर, आणि कुस्ती लांबली की त्याच मांड्यांवर पुढची झोंबाझोंबी निभवायची असते.

कुठल्याही जुन्या तालमीत गेलात तर भिंतीवरचे फोटो नीट बघा. खांद्यावर गदा, अंगात लंगोट आणि पैलवान डोक्यापासून अंगठ्यापर्यंत पूर्ण. फोटोग्राफरनं पाय कापायचं ठरवलं असतं तर त्याचेच पाय जागेवर राहिले नसते. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ पदक जिंकलेले खाशाबा जाधव याच मातीतले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. फोटोत पाय येत होते तोवर पायाची मेहनत टिकली आणि फ्लेक्सनं पाय कापले तेव्हापासून ती बुडाली, असा माझा सिद्धांत आहे. विद्यापीठानं यावर पीएच.डी. दिली तर मी घेईन.

गडहिंग्लजला याला एक सणसणीत अपवाद आहे, तो म्हणजे फुटबॉल. बाहेरच्याला पटत नाही, पण सीमाभागातल्या या तालुक्याच्या गावाला फुटबॉलचं जुनं वेड आहे. दिवाळीत लोक गावोगाव फराळ खातात, इथले लोक फराळ खिशात घालून एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर जातात. परराज्यांतले संघ येतात. फुटबॉलवाल्यांच्या टीमच्या फोटोत पुढची ओळ गुडघ्यावर आणि मागची उभी असते, म्हणजे सतरा-अठरा पाय तर हमखास येतात. व्यावसायिक खेळाडू नव्वद मिनिटांत दहा ते बारा किलोमीटर पळतो. आमची पोरं किती पळतात ते कुणी मोजत नाही, पण कडेला बसलेले त्यांना त्याच्या दुप्पट पळायला सांगत असतात.

या मैदानावर पोरं नॉर्डिक कर्ल करताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कुणाची तरी दृष्ट काढतायत असं वाटलं. एक पोरगा गुडघ्यावर उभा, दुसऱ्यानं मागून त्याचे घोटे दाबून धरलेले. पहिला पाठ सरळ ठेवून सावकाश पुढं कलत जातो, मांडीच्या मागच्या स्नायूंच्या जोरावर पडणं जितकं लांबवता येईल तितकं लांबवतो आणि शेवटी हातांवर पडतो. बास, व्यायाम एवढाच. पडणं चुकत नाही, फक्त उशिरा पडायचं. फिफाच्या '११ प्लस' नावाच्या वॉर्म-अपमध्ये याचा समावेश आहे आणि नेमानं केलं तर मांडीमागचा स्नायू फाटण्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "आमच्या हापिसात हे तीस वर्सं चाललं हुतं. मागनं कुणीतरी धरायचं आणि माणूस हळूहळू पडायचा."

ज्यांना हे काही झेपत नाही त्यांच्यासाठी काळभैरीचा डोंगर आहे. गावाजवळ आहे, देवाचा आहे आणि चढायला प्रवेश फी नाही. पहाटे चढणाऱ्यांत दोन जाती. एक चढताना बोलणारे आणि एक चढताना बोलू शकतात त्यांच्याकडं रागानं बघणारे. चढताना छाती फुटते म्हणून लोक चढाला शिव्या देतात, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतारानं. सामानगडावर तर याच्याही पुढची सोय आहे. गाडी थेट गडावर जाते. मंडळी गाडीतून उतरतात, "पूर्वीचे मावळे कसे चढत असतील," म्हणून हळहळतात, खडकात खोदलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरतात आणि परत वर येताना अर्ध्यात बसून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. या वेळी मनापासून.

ट्रेनर पोरानं मात्र हार मानलेली नाही. पायाचा दिवस पहिल्यांदा त्यानं गुरुवारी ठेवला होता. लोक म्हणाले, दत्ताचा उपास असतोय, अंगात त्राण नसतंय. म्हणून त्यानं तो सोमवारी नेला. सोमवारी महादेवाचा उपास निघाला. मंगळवारी गणपतीचा आणि अंबाबाईचा, दोन्ही. शुक्रवारी लक्ष्मीचा निघाला, तोही अशा घरांतून जिथं शुक्रवारी रात्री रस्सा शिजल्याचा वास गल्लीभर असतो. शेवटी त्यानं शनिवार धरला. शनिवारी मारुतीचा उपास म्हणून झाडून सगळे गैरहजर. तेव्हा मात्र पोरगं भडकलं. वसुलीचे साहेब तेवढे जिमच्या दारात सापडले, त्यांनाच त्यानं धरलं.

"काका, मारुतीनं समुद्र कशावर वलांडला? दंडावर?"

"पायावरच की."

"मग त्येच्या वाराला पायाचा यायाम बुडवताय?"

साहेबांनी थोडा विचार केला. "आरं, त्यो उडी मारून गेला. त्येनं मागचा पाय बाकड्यावर ठेवला हुता का?"

यावर पोराकडं उत्तर नव्हतं. आता नवीन वेळापत्रक लागलंय, काचेवर आतून चिकटवलेलं, गाड्यावरून स्पष्ट वाचता येतं. छाती, पाठ, खांदे, दंड आपापल्या वारी आहेत. पायाचा व्यायाम दर अमावस्येला. लोकांनी एकमतानं मान्य केलंय, कुणाची काही तक्रार नाही. अमावस्येला जिम बंद असते.